बोट सुरू करण्याआधी चौदा घरं

माझ्या नाकावर राग असतो, हे मी माहेरीही ऐकलं आणि सासरीही. जपानमध्ये ते ऐकवायला कोणी नव्हतं, एवढाच फरक. निशी-कसाई भागातल्या दहाव्या मजल्यावरच्या घरात मी दिवसभर एकटी असायचे. नवरा सकाळी सबवेने ऑफिसला जायचा तो संध्याकाळी उशिरा उगवायचा. आणि मी, पुण्यात स्कूटरच्या कारखान्यात चार वर्षं इंजिनं तपासणारी बाई, इथे कचऱ्याचे वार पाठ करत बसायचे. जळणारा मंगळवारी, बाटल्या गुरुवारी. व्हिसावर माझ्या नावापुढे 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. ते वाचलं की डोक्यात तिडीक जायची.

त्यात भूकंप झाला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. ज्यांनी खरं सोसलं ते उत्तरेच्या किनाऱ्यावरचे, त्सुनामीत सापडलेले लोक. आमच्याकडे कपाट पडलं, ताटल्या फुटल्या आणि इमारत कितीतरी वेळ डुलत राहिली. आई रोज फोनवर रडायची, "ये गं परत." ओळखीची बरीच मराठी घरं महिना-दोन महिने देशात जाऊन आली. मी गेले नाही. शूर होते म्हणून नव्हे, एकदा गेले तर परत यायला पाय उचलणार नाही हे ठाऊक होतं म्हणून. पण घरात बसवेना. खालून एखादा ट्रक गेला तरी मी दाराकडे धावायचे. मग नवरा निघाला की मीही निघायचे आणि नदीच्या बांधावरून पाय दुखेपर्यंत चालायचे.

अशाच एका सकाळी मला वास आला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याचा. टू-स्ट्रोक इंजिनाचा वास मी झोपेतही ओळखेन. वासामागे गेले तर बांधाच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची शेड, एका अंगाला कललेली, फरशीला हातभर भेग. आत पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ खाली बसून कार्ब्युरेटर पेट्रोलने धूत होते आणि अगदी चुकीच्या बाजूने धूत होते. मला राहवलं नाही. भाषा तर धड येत नव्हती. मी आत शिरले, त्यांच्या हातातून ते घेतलं आणि अडकलेली सुई काढून दाखवली.

आता आपल्याकडे एखादी अनोळखी बाई अशी घरात घुसून हातातली वस्तू ओढून घ्यायला लागली, तर लोक काय म्हणतील? हे गृहस्थ उठले, कमरेत वाकले आणि मला दहा नंबरचा पाना दिला. त्या पान्याचे उपकार मी अजून फेडते आहे.

त्यांना मी ओजीसान म्हणू लागले, म्हणजे आजोबाच. ते मला ओकुसान म्हणत, म्हणजे वहिनीबाई. ते तरुणपणी मोटरबोटींच्या शर्यतीत उतरत. नंतर त्याच बोटी बांधणारे सुतार झाले. या शर्यतीच्या बोटी म्हणजे काय, तर प्लायवुडची चपटी, इतकी हलकी वस्तू की दोघांनी सहज उचलावी. मागे मोटर लटकवायची, आत गुडघ्यावर बसायचं आणि पाण्यावरून सुसाट निघायचं. अशी बोट फार दिवस जगत नाही. थोडे दिवस पळवतात, मग मोडून टाकतात. ओजीसाननी जन्मभर बोटी बांधल्या, पण त्यांतली एकच वाचली होती, जिच्यात ते स्वतः बसले होते. भूकंपात शेडचं आढं नेमकं तिच्यावर पडलं. एक बाजू फुटली होती आणि मोटरमध्ये चिखल गेला होता.

आम्ही कामं वाटून घेतली. लाकूड त्यांचं, इंजिन माझं. दोन वर्षं लागली. गॅस्केट मिळत नव्हतं, ते मी जाड कागद कापून केलं. पिस्टनची एक रिंग त्यांच्या जुन्या मित्राच्या माळ्यावरून आली. नवरा म्हणायचा, "अगं, लोकांच्या बायका फुलांचं इकेबाना शिकतात." मी म्हणायचे, "तू शीक." पण हातांना काळं लागलेलं असायचं आणि मी घरी येऊन गाणं म्हणत पोळ्या लाटायचे, हे त्यालाही दिसत होतंच.

एकदा माझा आगाऊपणा नडणार होता. बोटीवर ओरखडे फार होते, म्हणून मी दिवाळीची साफसफाई काढावी तशी सँडपेपर घेऊन बसले. ओजीसान धावत आले आणि माझा हात धरला. दोन वर्षांत एकदाच. मग त्यांनी एकेक ओरखडा दाखवला. हा शर्यतीच्या वळणावरच्या बोयाला घासला तेव्हाचा, हा दुसऱ्याची बोट अंगावर आली तेव्हाचा, हा मी शर्यतीत पहिला आलो तेव्हा धक्क्यावर आपटलो त्याचा. "हे पुसलं तर नवीन बोट होईल," ते म्हणाले. "नवीन मला नको." मी सँडपेपर ठेवून दिला. जुनं जपायचं म्हणजे चकाचक करायचं, हा माझा समज तिथेच संपला.

मग शेड पाडायची नोटीस आली. शेड धोक्याची झाली होती, त्यात कोणाचा दोष नव्हता. डोंगरातल्या एका तळ्याकाठच्या छोट्या संग्रहालयाने बोट घ्यायचं कबूल केलं, पण त्यांची एक अट होती. तिथे गेल्यावर इंजिनातलं तेल-पेट्रोल काढून ते कायमचं बंद करणार. म्हणजे आमचं इंजिन पुन्हा कधीच बोलणार नाही.

त्या दिवशी ओजीसाननी मला मनातलं सांगितलं. इंजिनांच्या जवळ आयुष्य गेलं, उजवा कान केव्हाच गेला होता. डावाही चाललाय असं डॉक्टर म्हणाले होते. ट्रक यायच्या आधी, कान पुरता जायच्या आधी, त्यांना ते इंजिन एकदा ऐकायचं होतं. नदीवर नाही. इथेच, बोट लाकडी घोडीवर ठेवून, मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून, एक मिनिट.

"मग लावू या की," मी म्हटलं. "त्यात काय?"

त्यात चौदा घरं होती. शेडच्या आजूबाजूची. जपानमध्ये आवाज करायचा तर आधी दारोदार जाऊन माफी मागतात. सोबत छोटी भेट, बहुधा टॉवेल. पहिल्या वर्षी आमच्या इमारतीत कोणाच्या तरी भिंती फोडायच्या होत्या, तर कामगार टॉवेल घेऊन दारात आला होता. मी नवऱ्याला म्हटलं होतं, "टॉवेल कसले वाटतोय, आवाज कमी कर म्हणावं." आमच्या पुण्यात लग्नाचा बँड दाराशी वाजतो तेव्हा शेजाऱ्याला कोण विचारतं? उलट बोलावलं नाही म्हणून तो रुसतो.

पण ओजीसानचा हट्ट वेगळाच होता. भूकंपाला दोनच वर्षं झाली होती. गडगड ऐकली की लोक अजून जागच्या जागी थबकत. शेवटच्या घरात किनाऱ्यावरून आलेल्या एक आजी लेकीकडे राहत होत्या. त्यांचं तिकडचं घर गेलं होतं, माणसंही गेली होती. "चौदातल्या एकानेही नको म्हटलं, तर लावायचं नाही," ते म्हणाले. "आणि इंजिन तुमचं आहे ओकुसान, तेव्हा माफी तुम्ही मागायची."

मी टॉवेल नेले नाहीत. बेसनाचे लाडू केले, कागदी डब्यांत भरले आणि निघाले. पहिल्या दारात पाठ केलेली माफी मागितली आणि सवयीने म्हणून गेले, "नक्की या हं बघायला." ती बाई चकित झाली, मग म्हणाली, "येऊ?" मग मी तेच सगळीकडे म्हटलं. तेरा घरं हो म्हणाली. एका काकांनी तर बोटींच्या जुन्या गोष्टी सांगून अर्धा तास घेतला.

चौदाव्या दारात मी तीनदा घंटी वाजवली. आत पडदा हलला. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तेच. मी डबा आणि एक चिठ्ठी दाराच्या कडीला लावून आले. ओजीसाननी विचारलं, "सगळे हो म्हणाले?"

मी म्हटलं, "हो."

खोटं बोलताना मला काही वाटलं नाही, हे कबूल करते. मला फक्त त्यांचा डावा कान दिसत होता. एक मिनिटाचा तर प्रश्न, असं मी स्वतःला समजावलं.

तो शनिवार उजाडला. दहा वाजता संग्रहालयाचा ट्रक येऊन उभा राहिला. बोट घोडीवर, मागे मोटर, खाली पाण्याने भरलेलं पिंप. आणि शेजारी खरंच आले, चांगले वीस-बावीस जण. ओजीसान गोंधळून गेले, ज्यांची माफी मागितली ते लोक इथे तमाशा बघायला येत नाहीत. नवराही सुट्टी म्हणून आला होता आणि मान वळवून हसत होता. मी प्लग बसवला, पेट्रोल सोडलं. ओजीसाननी इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळली.

तेवढ्यात गर्दीमागून एक बारीकशा आजी पुढे आल्या. हातात माझी चिठ्ठी. चौदावं घर.

माझं तोंड पडलं. आजींनी चिठ्ठी पुढे करून हळूच विचारलं, "हे आजच आहे का?" मला वाटलं, आता ही बाई नको म्हणणार आणि माझं खोटं उघडं पडणार. मग वाटलं, पडायलाच हवं. मी ओजीसानच्या डाव्या बाजूला गेले आणि मोठ्याने सांगितलं. यांनी हो म्हटलेलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. बावीस माणसांसमोर, मोडक्या जपानीत.

ओजीसान माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाकावरची दोरी उलगडली, नीट गुंडाळी करून बाजूला ठेवली आणि आजींसमोर वाकले. "माफ करा. लावणार नाही," ते म्हणाले. ट्रकवाल्याला त्यांनी हात केला, की या, घेऊन जा.

मला रडू आलं. माझ्यामुळे त्यांना हो मिळायची संधीही उरली नव्हती, कारण मी नीट विचारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा गेले असते, चौथ्यांदा गेले असते, तर कदाचित दार उघडलं असतं.

आजी बोटीकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आवाज कुठून येतो?"

मी डोळे पुसले आणि दाखवलं. हा प्लग, इथे ठिणगी पडते. इथे पेट्रोल जळतं. धूर इथून पाण्यात जातो. बंद करायचं तर हे बटण. आजींनी बटण दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी आवाज कुठून येतोय तेच कळत नव्हतं. हा कळतोय. लावा."

ओजीसाननी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी स्वतः पुन्हा आजींकडे पाहिलं, तेव्हा आजींनी मान हलवली. मग ओजीसाननी दोरी पुन्हा गुंडाळली.

पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला खोकला. तिसऱ्याला ते सुरू झालं, आणि मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. इंजिन सावकाश चाललं होतं, अगदी हळू. ओजीसाननी वेग वाढवायची दांडी खालीच धरून ठेवली होती. आजींना त्रास नको म्हणून.

ते हसत होते, लोकांकडे बघून मान डोलवत होते. पण दोन वर्षं त्यांच्या शेजारी काम केल्यावर मला कळलं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. इतक्या हळू आवाजाला तो कान आता पुरत नव्हता. मी त्यांना दांडी वर करायची खूण केली, तर त्यांनी नकार दिला आणि आणखी हसले.

आजींनाही ते दिसलं असावं. त्या पुढे आल्या. ओजीसानच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि दांडी वर ढकलली.

इंजिन असं गरजलं की शेडचे पत्रे वाजायला लागले. पिंपातलं पाणी उसळून आम्हाला सगळ्यांना नखशिखांत भिजवून गेलं. कोणीतरी किंचाळलं, कोणीतरी हसलं. ओजीसानचा चेहरा एकदम बदलला. "ऐकू येतंय," ते ओरडले. "ऐकू येतंय."

आजींनी डोळे गच्च मिटून घेतले होते, ओठ पांढरे पडले होते, पण एक मिनिट होईपर्यंत त्यांनी दांडीवरचा हात काढला नाही.