पाठीवर झोपून घेतलेली शाळा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली, थोडा वेळ बघितली आणि म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे. तीन महिने पाठीवर झोपून राहायचं. बसायचं नाही, उठायचं नाही. जेवायचं तेसुद्धा कुशीवर."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो आजाराबद्दल नव्हताच. "डॉक्टर, मी मुलीला घरी शिकवते. तेवढं चालेल ना?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तोंडाला काही झालेलं नाही तुमच्या."

ही मी परवानगी समजले.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्षभरापूर्वी, तिसरी संपल्यावर, आम्ही तिला शाळेतून काढलं होतं. अक्षरं तिच्याशी भांडायची. 'कमळ' वाचताना 'मकळ' व्हायचं, जोडाक्षर आलं की ती थांबायची आणि वर्ग हसायचा. रोज सकाळी साडेसहाला तिच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. तपासण्या झाल्या, वाचनाची अडचण आहे असं कळलं. शाळेने पुन्हा तिसरीत बसवायचं सुचवलं. मी ट्रॅव्हल एजन्सीतली नोकरी सोडली आणि बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शाळा सुरू केली. पुढे ओपन स्कूलमधून दहावी देता येईल, अशी चौकशीही करून ठेवली.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. त्या मालवणकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या, सासरे गिरणीत होते. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी राग आला की मालवणीच. "शाळेत नाय धाडूक तर ह्या चेडवाचा काय होतला?" असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने भांड्यांना विचारायच्या.

मी जिद्दीला पेटले होते. भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलं. नऊ ते दहा वाचन, दहा ते अकरा गणित, असं एकपर्यंत. कुणी घरी आलं की मी त्या वेळापत्रकासमोरच उभी राहून बोलायची.

त्याच वर्षभर पाठ दुखत होती. पाण्याच्या बादल्या उचलते म्हणून असेल, असं म्हणत मी बाम चोळत राहिले. संध्याकाळी बारीक ताप यायचा. ब्लाउज सैल झाले तर मैत्रिणी म्हणाल्या, "काय गं, झकास बारीक झालीस!" एक दिवस जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलायला वाकले आणि वर येताच येईना. मुलीनेच फोन करून तिच्या बाबांना बोलावलं.

माझा नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. अंधेरी ते दहिसर, कुठली लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नाही, त्यामुळे त्याच्या वेळेचाही नाही. निदान झालं त्या संध्याकाळी तो माझ्या पलंगाजवळ बसला आणि म्हणाला, "ऐक ना. एक वर्ष शाळेत घालूया का तिला? तू बरी झालीस की परत बघू."

त्याचं चूक नव्हतं. पण दाराआड मुलगी उभी होती हे आम्हाला दोघांनाही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिच्या पोटात दुखायला लागलं. वर्षभरात पहिल्यांदा.

"नाही," मी नवऱ्याला म्हटलं. "कसं जमवायचं ते मला माहीत नाही. पण नाही."

तो गेला आणि कडक गादी घेऊन आला. मी हट्टाने पलंग हॉलमध्ये लावून घेतला. आतल्या खोलीत पडले असते तर मी फक्त पेशंट झाले असते.

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की अकरापर्यंत मळमळायचं. तरी मी नऊला शाळा भरवायची. छताकडे बघत हुकूम सोडायचे, "दुसरं पान काढलंस का? मोठ्याने वाच. काय म्हणालीस? पुन्हा बघ, नीट बघ." तिचं पुस्तक मला दिसत नव्हतं, ती माझ्या मागे बसून रडतेय हेही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी मी वाक्याच्या मध्येच ओकले. सासूबाईंनी भांडं धरलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सकाळची ओकतंस, नि शाळा कसली घेतंस गो? दुपारची घे."

मी तीन दिवस ऐकलं नाही. मग मुलीला सांगितलं, "ते वेळापत्रक काढ भिंतीवरून." तिने इतक्या झटकन काढलं की चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही निघाला. शाळा तीन ते पाचवर आली. बरं वाटत असेल तर सहापर्यंत, नसेल तर अर्धा तास. पण सुट्टी नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलं.

मग बुधवार आला. घरी शिकवणारी आणखी एक आई मला ओळखीची झाली होती. दर बुधवारी ती तिची दोन मुलं घेऊन आमच्याकडे यायची. तिचा फोन आला. "तू आराम कर गं. मुलांना सध्या नको आणायला ना?"

"अगं, फुप्फुसांत काही नाही. हा पसरत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंय."

"मला कळतं गं. पण घरचे ऐकत नाहीत."

फोन ठेवला. पाठीवर झोपून रडलं की पाणी गालांवर येत नाही, थेट कानांत जातं. मुलगी बघत होती. ती म्हणाली, "मग बुधवारी आपण काय करायचं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या बाजाराची पिशवी घडी करत होत्या. "बुधवारी चेडवाक मी नेतंय," त्या म्हणाल्या. "गोराईक. लाँचीन."

त्या स्वतः चौथी शिकलेल्या. खाडीच्या काठावर वाढलेल्या, वडील होडी चालवायचे. आजी आणि नात जेटीवरून लाँचने पलीकडे गेल्या, आणि दुपारी मुलगी माझ्या उशाशी बसून धापा टाकत सांगू लागली. पाणी इतकं खाली गेलं होतं की लाँचमध्ये उतरायला हात धरावा लागला. चिखलात निवटे होते, मासे असून उड्या मारत पळत होते. आणि आजीला न बघताच माहीत होतं की पाणी परत कधी भरणार.

"कसं काय हो आई?" मी विचारलं.

"तिथीची पाऊणकी कर. भरतीची वेळ गावतली."

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मला येत नव्हता. सासूबाई मळलेल्या कणकेवर हात ठेवून सुरू झाल्या, "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. मुलगी कॅलेंडर घेऊन आली. तिथी शोधायची, तिचे तीन चतुर्थांश करायचे, वेळ लिहायची. अपूर्णांक शिकवताना मी पोळ्यांचे तुकडे करून थकले होते. तिला ते एका दुपारीत आले, कारण आता चुकलं तर लाँच चुकणार होती. पुढच्या बुधवारी जेटीवर जाऊन तिने ताडून बघितलं आणि घरात शिरतानाच ओरडली, "वीस मिनिटं फरक आला फक्त!" सासूबाई म्हणाल्या, "वारो होतो आज." आपलं गणित चुकलं असं त्यांनी काही कबूल केलं नाही.

वाचन मात्र तसंच अडलेलं होतं. मला टेबल दिसावं म्हणून नवऱ्याने कपाटाच्या दाराला तिरका आरसा बसवून दिला. मी खूश झाले, आता वहीवर लक्ष ठेवता येणार होतं. मुलीने वही आरशासमोर धरली. "वाच, मी भरतीबद्दल लिहिलंय."

अक्षरं उलटी. मी वाचायला लागले. पहिला शब्द ओळखला, दुसरा अंदाजाने म्हटला, तो चुकला. काना कुठल्या अक्षराचा ते कळेना. 'अष्टमी'तल्या 'ष्ट'पाशी अडकले ती अडकलेच. कपाळाला घाम आला.

"नीट बघ ना आई," ती म्हणाली. "सोप्पंय."

माझेच शब्द होते, माझ्याच सुरात. तिने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. वाचता येत नसलं की समोरच्याने असंच म्हणायचं असतं, असं तिला वाटत होतं.

मी विचारलं, "तुला रोज असं होतं?"

"उलटं नाही दिसत. पण अडकायला असंच होतं. दमले की जास्त."

"आणि मी 'नीट बघ' म्हणते तेव्हा?"

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "तेव्हा काहीच दिसत नाही."

त्या दिवसापासून मी तिचं पुस्तक बघणं सोडलं. ती वाचणार, मी डोळे मिटून ऐकणार. तिने विचारलं तरच शब्द सांगणार. कधी ती पदरचं घालायची, मला कळायचं, मी गप्प राहायचे. ते गप्प राहणं पाठदुखीहून कठीण होतं. धडे बाजूला ठेवून आम्ही कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू घेतली. पाककृती, घरगुती उपाय, राशिभविष्य. "कर्क राशीला या महिन्यात प्रवासयोग आहे, आई," तिने अडखळत वाचलं. महिन्याभरात मी कूस बदलण्यापलीकडे प्रवास केला नव्हता. आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी माझे डोळे पिवळे झाले. गोळ्यांनी यकृतावर ताण आला होता. गोळ्या बंद केल्या, हॉस्पिटलात दाखल केलं. लहान मुलांना वॉर्डमध्ये सोडत नव्हते. मी नवऱ्याला म्हटलं, "आता शाळा बंद. वाट लागली सगळ्याची."

तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला माझा फोन वाजला. पलीकडे मुलगी. "आई, डोळे मिटलेस का? मी सुरू करते." आणि तिने उकडीच्या मोदकांची कृती वाचायला घेतली. 'उकड' नीट, 'सारण' नीट, 'मुखऱ्या' म्हणताना थांबली. मी फोन कानाला घट्ट धरून वाट बघितली. ती परत सुरुवातीला गेली, अक्षर अक्षर जोडलं आणि पुढे निघाली. पान संपलं. एकही शब्द तिने विचारला नव्हता.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हे ऐकलं होतं. "गोड वाचते हो. कितवीत आहे?"

या प्रश्नाला मी वर्षभर काहीतरी गोलमोल उत्तर द्यायचे. त्या दिवशी सरळ सांगितलं, "घरीच शिकते. मी शिकवते. तिची आजीपण शिकवते."

औषधं बदलून पुन्हा सुरू झाली. तीन महिन्यांचे जवळजवळ चार झाले. पट्टा बांधून पहिल्यांदा बसवलं तेव्हा घर गरगर फिरलं, आणि सासूबाईंनी मला मागून असं धरलं होतं की पडायची सोयच नव्हती. दीड वर्ष गोळ्या चालल्या. बुधवारची ती मैत्रीण आठेक महिन्यांनी मुलांना घेऊन आली, दारात घुटमळली. "ये ना," मी म्हटलं. चहा झाला, मुलं खेळली. पूर्वीसारखं झालं नाही, पण बुधवार पुन्हा भरले.

मुलगी आता चौदाची आहे. अजून सावकाश वाचते, दमली की अडकते. दहावीला तिला जादा वेळ मिळेल, त्याची कागदपत्रं मी करून ठेवली आहेत. गणितात ती माझ्या पुढे गेली आहे. माझी पाठ थंडीत धरते, वजन उचलायचं नाही, बाकी मी ठीक आहे.

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात पुन्हा पलंग, पुन्हा गोळ्या, पुन्हा सगळ्या वेळा बदललेल्या. नवऱ्याने विचारलं, "शाळा जमेल ना तुम्हा दोघींना?" मुलगी आजीचा पाय वर धरून दहा आकडे मोजत होती. न थांबता म्हणाली, "बाबा, सकाळी फिजिओथेरपीवाल्या ताई येतात. म्हणून भूगोल संध्याकाळी ठेवलाय."

हे ठरवताना मला कुणी विचारलंच नव्हतं. मी भूगोलाचं पुस्तक शोधायला उठले.