न पाहिलेल्या बाईच्या वतीनं

माझ्या लेकरांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, स्त्रीबीज देणाऱ्या बाईला मोबदला द्यावा का? आमच्या वर्गात यावर वाद चाललाय." तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले. उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहेत त्या डोंगरकडा गावच्या माझ्या नणंदबाई; म्हणजे होत्या.

उभ्या हिंगोली जिल्ह्यात कुणाचं काही फुकट न ठेवून घेणारी अशी दुसरी बाई झाली नाही. शेजारणीनं वाटीभर दही दिलं की ती वाटी शेंगदाणे घेऊन परत जायची. शेजारीणही तशीच हट्टी. ती त्यात लोणचं घालून पाठवायची. एका उन्हाळ्यात तर वाटी मुळात कुणाची, हेच दोघी विसरल्या. एसटीत कुणी जागा दिली, तर उतरताना त्याच्या मांडीवर केळ्यांची फणी ठेवायच्या. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली, रीतसर फी घेतली, तरी यांनी टेबलावर हुरड्याची पुडी ठेवलीच. "फी दाढंची झाली. हात हलका व्हता, त्याचं काय? खा, तुमचे दात हायेत अजून."

अशा बाईच्या सुनेनं नांदेडच्या एका दवाखान्यात अनोळखी बाईसाठी स्त्रीबीज दिलं. कायद्यानं त्याची किंमत घेता येत नाही. तिनं घेतली नाही. गावाला ते पटेना. अर्धं गाव म्हणालं, विकलं. उरलेलं म्हणालं, फुकट दिलं असेल तर येडीच. शेजारणीनं नातवाच्या बारशाला सगळ्या आळीला बोलावलं, सुनेला तेवढं वगळलं. तेव्हापासून सून दारातसुद्धा उभी राहीना.

नणंदबाईंना मात्र राग होता तो सून रिकाम्या हातानं आली याचा. इंग्रजी बोलायला म्हणून मला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई चांगलं मराठी बोलत होत्या, त्यामुळे मी नुसतीच बसले.

"बाई, पैसे कोन मागून राहिलं? लेकरानं सुया टोचून घेतल्या, पोट फुगलं, तकलीफ सोसली. त्या घेनारीला म्हनावं, हिची ओटी तरी भर."

"आजी, दोघींना एकमेकींचं नावही कळू द्यायचं नसतं."

"नाव कशाला? नारळावर नाव ऱ्हातं काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण बधल्या नाहीत. मग नणंदबाईंनी बाजारातून लुगडं, खण, नारळ घेतला. त्या बाईच्या वतीनं ओटी डोंगरकड्यात भरायची ठरली. अडचण एकच. ओटी सवाष्णीनं भरायची आणि आम्ही दोघी विधवा. असले रिवाज मला मान्य नाहीत, असं मी म्हटलं. "वहिनी, तुमचं इंग्रजी आज घरी ठेवा," त्या म्हणाल्या, आणि थेट त्या शेजारणीलाच बोलावून आल्या. "तिनंच बोभाटा केला, तिनंच भरावी."

शेजारीण आली. तिच्यामागून काय होतंय ते बघायला आळी आली. सून पाटावर बसली.

"खरंच काही घेतलं न्हाईस?"

"न्हाई, काकू."

"मंग काहून दिलं, माय?"

"मला लेकरू हाय. तिला न्हाई."

शेजारणीनं ओंजळभर तांदूळ घेतले. मग पदरात तांदूळ घालता घालता पुटपुटली, "तरी बी घ्याया पाहिजे व्हते. बाईच्या दुखण्याला कुनी मोल देत न्हाई."

"बराबर हाय," नणंदबाई म्हणाल्या. "पन आधी नारळ घाल."

त्या न पाहिलेल्या बाईला लेकरू झालं की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही. नणंदबाई मात्र भाजी निवडताना मध्येच हात थांबवून विचारायच्या, "चालत असंल का वो आता?" गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. मोबदल्याचा वाद आळीत अजून चालू आहे, तुमच्या वर्गासारखाच. पण शेजारच्या घरी बारसं असलं की पहिलं बोलावणं सुनेला येतं.