सालईघाटची मोजणी

जंगू धुर्वेनं देश पाहिला तो लालपांढरी पट्टी हातात धरून. सर्वेच्या कामावर तो खलाशी, म्हणजे मोजणीवाल्या साहेबाचा मदतनीस, होता. साहेब दुर्बिणीला डोळा लावायचा आणि जंगू लांब कुठंतरी शेतात, नाल्यात, कधी कुणाच्या अंगणात पट्टी उभी धरून निश्चल राहायचा. पट्टी बोटभर कलली तर पूल हातभर चुकतो, हे त्याला पहिल्याच साहेबानं शिकवलं होतं. एकतीस वर्षं तो असा उभा राहिला. गुजरातेत, आंध्रात, बिहारात, झारखंडात, ओडिशात. घरी गोंडी, गावात वऱ्हाडी आणि कामावर हिंदी, अशा तीन भाषा त्याच्या तोंडात सुखानं नांदत होत्या.

शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण या भटकंतीत एक गोष्ट त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही. काही मुलखांत आज खुंट्या ठोकल्या की तिसऱ्या वर्षी तिथून गाड्या धावायच्या. काही मुलखांत त्याच वाटेवर तीन-तीनदा खुंट्या ठोकल्या आणि तीनही वेळा त्यांवर गवत उगवलं. साहेबांना विचारलं की ते म्हणत, "वाहनंच नाहीत रे इथं, रस्ता कुणासाठी करायचा?" जंगूला ते उत्तर कधी पटलं नाही.

निवृत्त होऊन तो वर्धा जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या आपल्या गावी, सालईघाटला आला. नागपूर-अमरावती महामार्ग तिथून बारा किलोमीटर. त्या रस्त्यावर ट्रक दिवसरात्र पळतात, ढाब्यांवर गर्दी असते. सालईघाट आणि त्या सगळ्याच्या मध्ये मात्र एक नदी आहे. एसटी पलीकडच्या काठापर्यंत येते आणि तिथूनच वळून जाते. पाणी कमी असेल तर माणसं धोतर-लुगडं खोचून उतरतात, जास्त असेल तर घरी बसतात किंवा सत्तावीस किलोमीटरचा फेरा घेतात.

त्या वर्षी केंद्राची एक योजना आली. देशभरातल्या अडलेल्या गावांना पूल द्यायचे होते आणि यादी सगळ्या राज्यांची मिळून एकच होती. जिथून जास्त वाहनं जातात त्याला जास्त गुण, ज्याला जास्त गुण त्याला आधी पूल. मोजणीसाठी एका कंपनीचा माणूस ऑगस्टात तीन दिवस काठावर छत्री उघडून बसला. नदी दुथडी भरून वाहत होती. तिन्ही दिवशी त्यानं कागदावर शून्य लिहिलं आणि तो निघून गेला.

ग्रामसभेत किराणा दुकानदार अण्णाजी तापले होते. "पुण्या-मुंबईले रिंग रोडवर रिंग रोड होऊन राह्यले. अन् आपल्या विदर्भाले एक पूल देताना याइचा हात आखडते. हे काई आजचं नाई."

"खरं हाये, अण्णाजी," जंगू उठून म्हणाला. "पण हे वरच्या साहेबाच्या रकान्यात कुठं बसणार? त्याच्या कागदावर शून्य हाये. पूल नाई म्हणून गाडी नाई, अन् गाडी नाई म्हणून पूल नाई. मी एकतीस वर्षं हेच पाह्यलं. आपण मोजू. कोन काठावर आला, कोन पाण्यात उतरला, कोन वापस गेला, कोनं फेरा घेतला. अन् काऊन निंगाला होता तेही लिहू."

"वापस गेलेला माणूस कोन मोजते, जंगूभाऊ?" तानबा शेतकरी हसला.

"आतापर्यंत कोनं मोजला नाई. म्हणूनच मोजू."

सप्टेंबरात सात दिवस जंगू आणि त्याची बायको बायजा काठावरच्या कडुलिंबाखाली बसली. अक्षर अंगणवाडीच्या मयुरीताईंचं, नजर जंगूची आणि माहिती बायजाची, कारण कुणाच्या घरात कोण आजारी आहे आणि कुणाची लेक कुठल्या वर्गात आहे हे तिला विचारावं लागत नसे. पहिल्याच दिवशी कॉलेजात जाणाऱ्या नऊ मुली परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन माणसं छातीभर पाण्यातून गेली. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला डायलिसिससाठी फेऱ्यानं न्यावं लागलं. सगळं वहीत आलं.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं आणि अण्णाजी तीन ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टर नदीतून पलीकडे गेले, वळले, अलीकडे आले, पुन्हा वळले. मयुरीताईंचा पेन थबकला.

"एक ट्रॅक्टर एकदाच लिवा," जंगू म्हणाला.

अण्णाजी जवळ आले. "जंगूभाऊ, यादीतल्या दुसऱ्या गावचे लोक काय खरं लिवत असतीन? तुमचं काय जाऊन राह्यलं?"

"उद्या तपासणीले कोनी आला अन् त्याले दहा ट्रॅक्टर दिसले नाई, तं त्या नऊ पोरीही खोट्या ठरतीन," जंगू म्हणाला. "मले त्या पोरी खऱ्या पाह्यजे."

अण्णाजी ट्रॅक्टर घेऊन गेले. त्यातला एक ट्रॅक्टर तानबाचा होता; त्यानं दोन दिवस जंगूशी बोलणं टाकलं. बायजानं त्याला चहा मात्र नेमानं पाठवला.

वही घेऊन जंगू वर्ध्याला कलेक्टर कचेरीत गेला, एकदा नाही, चारदा. पाचव्या वेळी फेरतपासणीचा हुकूम निघाला आणि नागपूरहून एक इंजिनीअर आली, सरिता कुजूर. तिशीची, सावळी, कमी बोलणारी. दोन दिवस ती स्वतः काठावर बसली, तिनं वहीतली पंधरा नावं निवडून त्या त्या घरी जाऊन विचारलं. एकही नाव खोटं निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायजानं तिला जेवायला बसवलं. बोलणं हिंदीत चाललं होतं.

"काका, वही चोख आहे," सरिता म्हणाली. "तुमचे गुण वाढतील. पण एक सांगू का? मी झारखंडची, सिमडेग्याकडची. माझ्या आईच्या गावालाही अशीच नदी आहे आणि ते गावही याच यादीत आहे. तिथंही कागदावर शून्यच आहे. तुम्ही वर सरकलात की कुणीतरी खाली जाणार."

जंगूनं गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं तशी त्याची भाकरी हातातच राहिली. "त्या घाटावर मी दोनदा पट्टी धरली आहे. काठावर मोठं करंजाचं झाड होतं. आमच्या डोळ्यांदेखत एका बाळंतिणीला खाटेवर घालून पाण्यातून नेलं होतं."

"झाड आहे अजून," सरिता म्हणाली. "पूल नाही."

"मग वर सांगत का नाही?"

"मी तिथली. मी बोलले तर म्हणतील, स्वतःच्या गावासाठी बोलते."

जंगूनं भाकरी ताटात ठेवली. "गावासाठी बोलू नकोस, बेटी. रकान्यासाठी बोल. जिथं वाट नाही तिथं वाहनं मोजणं चूक आहे, परत फिरलेली माणसं मोजा, असं लिही. सालईघाटला जे माप, तेच देशातल्या सगळ्या गावांना. आमची वही जोड नमुना म्हणून."

सरितानं हात धुतले. मग तिनं वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले.

गावात ही गोष्ट लपली नाही. संध्याकाळी पारावर अण्णाजींनी त्याला गाठलं. "आपलं गाऱ्हाणं सांगाचं सोडून तुमी झारखंडचं काऊन सांगून राह्यले?"

"अण्णाजी, आपण पुण्याले काय म्हणतो? सारं तुमीच नेता, आमच्याकडे पाहा. मंग तोच सवाल सिमडेग्यानं आपल्याले केला तं तोंड कुठं लपवाचं? मी ते गाव पाह्यलं हाये. तिथं आपल्याहून हाल हाये."

अण्णाजींनी तंबाखूची डबी जंगूपुढे सरकवली.

सरिताचा अहवाल वर गेला. तसंच म्हणणारे आणखी काही जिल्ह्यांचे अहवालही गेले असावेत, कारण पुढल्या उन्हाळ्यात मोजणीच्या अर्जात एक नवा रकाना आला: परत फिरलेल्या आणि फेरा घेणाऱ्या माणसांचा. देशभर पुन्हा मोजणी झाली. कागदावर शून्य असलेली कितीतरी गावं वर आली.

पहिल्या यादीत सरिताच्या आईच्या गावचा, सिमडेग्याकडचा पूल होता. सालईघाट यादीतल्या शेवटच्या गावाहून अकरा जागांनी मागे राहिलं.

त्या दिवशी जंगू कुणाकडे गेला नाही. बायजानं विचारलं, "वाईट वाटून राह्यलं?"

"वाटून राह्यलं. थोडंसं वाटनच ना." मग म्हणाला, "पण मोजणीत चूक नाई. पुढच्या यादीत आपलं नाव येते. आलंच पाह्यजे. हे मी बोलून नाई राह्यलो, वही बोलून राह्यली."

कुंपणापलीकडून तानबानं हे ऐकलं आणि चौकात ऐकवलं, काहीजण हसले. जंगू त्यांच्यात बसून चहा प्यायला आणि त्यानं तेच वाक्य पुन्हा, तेवढ्याच थंडपणे सांगितलं.

दुसऱ्या यादीत सालईघाटचं नाव अकरावं होतं. ती बातमी अण्णाजींनीच दुकानातून धावत येऊन जंगूला दिली, आणि मग जरा घुटमळून म्हणाले, "माया मामाच्या गावालेही पूल नाई. समुद्रपूरकडे हाये ते. मोजणी कशी कराची ते त्याइले सांगाले येता का?" जंगू आणि मयुरीताई दुसऱ्याच आठवड्यात तिकडे जाऊन गावाला सगळं समजावून आली. निघताना जंगूनं तिथल्या लोकांना एकच ताकीद दिली: एक ट्रॅक्टर एकदाच.

पूल व्हायला दोन वर्षं लागली. मागच्या ऑगस्टात नदीला चांगलं पाणी होतं. बायजा सकाळच्या एसटीनं कारंज्याला बहिणीकडे गेली, दुपारी तिथं जेवली, आणि दिवेलागणीच्या आत, पूल ओलांडून आलेल्या एसटीतून गावात उतरून घरी आली. जंगूनं विचारलं, "काऊन, इतक्या लवकर?"

"रस्ता होता, आली," ती म्हणाली, आणि पाय धुवायला आत गेली.