संघातली लोकल मुलगी

कबड्डीच्या एका खासगी लीगमध्ये मी एक मोसम खेळले. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनी मुलींचा संघ उभा केला होता. धंदा कापडाचा, पण वेड कबड्डीचं. हरियाणा, तामिळनाडू, मणिपूर, बंगाल, कुठून कुठून मुली आणल्या होत्या. इथली मी एकटीच. करारावर सही करताना शेठ म्हणाले, "बेटा, तुला रूम नको ना? तुझं तर घर आहे इथंच." तेव्हा मला ते भाग्याचं वाटलं होतं.

बाकीच्या पालेगावात एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायच्या, शेजारशेजारच्या दोन फ्लॅटमध्ये. मी खरवईहून शेअर रिक्षा बदलत अंबरनाथच्या हॉलवर यायचे. चेंजिंग रूममध्ये पोचायचे तेव्हा हसणं आधीच सुरू झालेलं असायचं. कुणीतरी भातात मिठाऐवजी साखर घातलेली असायची, गिझरवरून कुणाचं तरी भांडण होऊन मिटलेलं असायचं. "क्या हुआ?" विचारलं की सांगायच्या, अगदी प्रेमानं. पण सांगून कळलेल्या गोष्टीवर हसू जरा उशिरानंच येतं.

मॅटवर मात्र मी त्यांच्यातली होते. मी कव्हरला आणि माझ्या शेजारी कॉर्नरला तामिळनाडूची मुलगी. बचावात साखळी धरतात, त्यामुळे सामनाभर तिचा हात माझ्या हातात. तिला मराठी शून्य, हिंदी जेमतेम. बोटं दाबली की पुढे, मनगट ओढलं की थांब. एवढ्यावर आम्ही भल्याभल्या चढाईवाल्यांना लोळवलं. शिट्टी झाली की हात सुटायचे. ती बाकीच्यांबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चढायची, मी रिक्षा स्टँडकडे चालू लागायचे.

घरी कोण होतं? वडील गेलेले, भाऊ नोकरीला पुण्यात, आई एका दवाखान्यात आया. तिची सुट्टी कधी रविवारी यायचीच नाही. अशाच एका रविवारी मी डब्यात आईच्या हातचं मटण घेऊन पालेगावला गेले. दार उघडंच होतं. सगळ्या फरशीवर गाद्या टाकून लोळत होत्या, एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं, तिसरी तिचे केस विंचरत होती. मला बघून सगळ्या धडपडत उठल्या. फ्लॅटमध्ये एकच प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्यावरचे कपडे काढून मला बसवलं. बंगालच्या मुलीनं ताटलीत ठेवून पाणी आणलं. "बैठो ना, आराम से," हरियाणाची आमची कॅप्टन म्हणाली. मी खुर्चीत बसले आणि त्या सगळ्या खाली, नीट मांडी घालून. थोड्या वेळानं मी, "आई वाट बघत असेल," म्हणाले आणि निघाले.

पुढच्याच आठवड्यात सरावानंतर कॅप्टननं मला बाजूला घेतलं. मणिपूरची मुलगी घरून आणलेली आंबवलेली मासळी शिजवायची. त्या वासावरून सोसायटीच्या सेक्रेटरींनी फ्लॅट खाली करायला सांगितलं होतं. "तेरी भाषा का आदमी है. तू समझा दे उसको." माझी काहीतरी गरज लागली, याचाच मला आनंद झाला.

सेक्रेटरी एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. "ये, ये. मराठी माणूस आलं, बरं वाटलं," म्हणत त्यांनी मला आत घेतलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. "तू आपली आहेस म्हणून सांगतो. या लोकांचं खाणं काय, राहणं काय! त्यात ती एक चिनी दिसणारी."

"काका, ती मणिपूरची आहे. आणि सुकट तर आपल्याकडेही करतातच की."

"सुकटीची गोष्ट वेगळी," ते हसले. "राहायला कुठं तू?"

"खरवईला."

"आणि आडनाव?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत, आणि ते आमच्या आडनावावरून कळतं. त्यांनाही कळलं. ते टीपॉयवरचा पेपर सारखा करत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. खिडक्या लावून स्वैपाक करायला सांगा त्यांना." 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. काम झालं होतं. आतून चहा आला नाही, आणि मीही थांबले नाही.

वर सगळ्या दारातच उभ्या. "क्या बोला?"

"मान गया. खिडकी बंद रखना."

एकच आरडाओरडा झाला. मणिपूरच्या मुलीनं मला मिठी मारली. कॅप्टन म्हणाली, "अपनी लोकल मिनिस्टर!" मी हसले. खाली काय झालं ते सांगावंसं वाटत होतं, पण सुरुवात कुठून करणार? आडनाव ऐकून माणूस गप्प का होतो, हे माझ्या हिंदीत मांडता येईना. कदाचित त्यांच्यातल्या एखादीला न सांगताही कळलं असतं. आडनावं तर सगळ्यांनाच होती. पण आनंदात होत्या बिचाऱ्या.

दुसऱ्या दिवशी साखळी धरताना तामिळनाडूची मुलगी थबकली. "हाथ ठंडा. फीवर?"

"नहीं."

तिनं माझे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांत धरून जोरजोरात चोळले. कोच ओरडले, तेव्हा सोडले.

उपांत्य फेरीत आम्ही हरलो. चेंजिंग रूममध्ये सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. त्या ढिगाऱ्यात मीही होते, आणि कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे ते कळत नव्हतं. तेवढा वेळ बरं वाटलं. मग त्या आपापल्या गावी गेल्या. शेठनी पुन्हा संघ काढला नाही.

आता मी बदलापूरच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. तामिळनाडूची मुलगी तिकडंच नोकरीला लागली, लग्न झालं. अधूनमधून फोन करते. "अम्मा कैसी?" ती विचारते. "अच्छी," मी सांगते. मीही तिच्या घरच्यांची चौकशी करते. मग दोघींचंही हिंदी संपतं. तरी फोन लगेच ठेवत नाही आम्ही. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत असतात, कुणीतरी तमिळमध्ये तिला हाक मारतं. ती त्यांना काहीतरी उत्तर देते आणि मला म्हणते, "रखती."