पिशवी लिही, इष लिहू नको

माझ्या सासूबाई, धुरपताबाई, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. पण आमच्या चुडावा गावाच्या आसपास कुणाचं जनावर आजारी पडलं की माणसं डॉक्टरच्या आधी त्यांच्या दारात येतात. उगीच नाही येत.

मी सेलूची, बारावी पास. लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच आठवड्यात आत्याबाईंनी, आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, माझ्या हातात आजारी जनावरांची वही दिली. आधी नणंद लिहायची, ती सासरी गेली होती. नियम असा, की डाव्या पानावर डोळ्याला दिसलं, हाताला लागलं तेवढंच. मनाला वाटलं ते उजव्या पानावर. आणि डावं भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही. मला लय राग यायचा. मी काय कारकून म्हणून नांदायला आले होते? पण त्यामागं कारण होतं. एकदा घरची म्हैस चारा खाईना, तर आत्याबाई नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवत बसल्या. म्हशीच्या घशात आंब्याची कोय अडकली होती. म्हैस गेली. तेव्हापासून त्यांनी ही शिस्त लावून घेतली, स्वतःला आधी.

दोन सालाखाली, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. भर दुपारी गावातले सटवाजी मामा धापा टाकत आले.

"वैनी, माझा एक बैल गेला, दुसरा पडलाय! सूर्यभाननं इष घातलं!"

सूर्यभान म्हणजे आमच्याही शेताचा शेजारी. बांधावरून पंधरा वर्षं आमचं त्याच्याशी वाकडं. त्याचं नाव निघालं की आत्याबाई बोटं मोडायच्या. त्यामुळं मला तर बरंच वाटलं, सापडला एकदाचा! सटवाजी मामांच्या गोठ्यापाशी पोचलो तर दहा-बारा गडी काठ्या घेऊन उभे, सूर्यभानच्या आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या घरावर, जायला निघालेले. मी कुणी सांगायच्या आत डाव्या पानावर लिहून टाकलं, 'सूर्यभानने विष घातले.'

"काय लिहिलंस?" आत्याबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"तू पाहिलंस?"

"मामांनी पाहिलं की!"

आत्याबाई मामांकडं वळल्या. "काय पाहिलं, सटवाजी?"

"सकाळी पिशवी घेऊन बांधावर उभा होता. या डोळ्यांनी पाहिलं!"

"पिशवीत काय होतं?"

"इषच असणार! दुसरं काय असतंय?"

"राजेश्री, खोड ते. पिशवी लिही, इष लिहू नको." मग काठीवाल्यांना म्हणाल्या, "माझं पान भरू द्या, मग कुठं जायचं तिथं जा. तवर एकानंबी पाय उचलायचा न्हाई."

माझं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांदेखत खोडायला लावलं ना!

आत्याबाई बैलापाशी बसल्या आणि एकेक सांगत गेल्या. अंग थरथरायलंय. दम लागलाय. तोंडाला फेस. हिरड्या लालभडक, कुंकवावानी. मग बैलाच्या तोंडात हात घालून दाढेमागून चघळलेला पाला काढला आणि तळहातावर पसरला.

"काय घातलं होतं खायला?"

"कडबा," मामा म्हणाले.

"कडबा वाळका असतोय. हे हिरवं हाय. लिही, हिरवी पात, ज्वारीची."

खुरात ओली काळी माती होती. डावं पान भरलं, तशी त्यांनी उजव्यावर हळूच एक ओळ लिहायला लावली. माग काढत गेलो तर तो मामांच्याच शेतात शिरला. हायब्रीड ज्वारी कापून झालेली, खुंटांना वीतभर कोवळे फुटवे फुटलेले, आणि पट्टाच्या पट्टा खाऊन फस्त केलेला. पाण्यावर सोडलेले बैल तिकडं कधी वळले, ते मामांनी पाहिलंच नव्हतं.

मी पूर्णेच्या जनावरांच्या डॉक्टर, प्रियांका मॅडम, यांना फोन लावून डावं पान वाचलं. "बास, कळलं. कोवळ्या ज्वारीचं विष आहे ते," त्या म्हणाल्या आणि नेमकं औषध घेऊनच निघाल्या. शिरेत सुई दिली. तासाभरानं बैल उठून उभा राहिला. नंतर मला म्हणाल्या, "तुम्ही नुसतं विष घातलंय म्हणाला असता, तर मी फवारणीच्या औषधावरचा उतारा घेऊन आले असते. बैल गेला असता." बैल तर गेलाच असता, आणि त्या काठ्यांखाली एक माणूसही.

काठीवाले केव्हा पांगले, कळलंसुद्धा नाही. सटवाजी मामा मेलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानराव आमच्या दारात आले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. डोळे भरलेले.

"वैनी, तुमी माझ्यावर इस्वास ठेवला."

"तुमच्यावर? छे!" आत्याबाई म्हणाल्या. "मला तर तुमीच वाटला होता. राजेश्री, वाच गं उजवं पान."

मी मान खाली घालून वाचलं, "मला वाटतं, सूर्यभानच."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग वाचवलं कशापायी?"

"बैलाच्या दाढेत तुमी नव्हता, भाऊजी."

ते चहा पिऊन गेले. पिशवीत काय होतं, ते आत्याबाईंनी विचारलं नाही, आम्हाला आजही माहीत नाही. बांधाचं भांडणही अजून तसंच आहे. पण माहेरी गेले की मी छाती पुढं काढून सांगते, ही माझी सासू.