रंजनाने भुऱ्याला तेल लावलं

शी! नासलेल्या ताकात ओला टॉवेल कोंबावा, वरून खवट तेल ओतावं आणि उन्हात ठेवून द्यावं, असा त्या कुत्र्याचा वास. सुरतेतल्या कतारगामच्या त्या एका खोलीत तो वास गोधड्यांत शिरला होता, भाकरीच्या टोपलीत जाऊन बसला होता. रंजना जेवायला बसे आणि पहिल्या घासालाच ताट बाजूला सारी.

आणि बाई तरी कशी! नळाला हात लावायच्या आधी नळ धुणार, पाणी भरून झाल्यावर पुन्हा धुणार. शेजारणीच्या हातचा चहा पिताना आधी कपाचा कान तपासणार. खानदेशातल्या शहाद्याकडून लग्न होऊन सुरतेला आली आणि साड्यांच्या कारखान्यात चिकटली ती चिकटलीच. काम एकच, साडीवरचा डाग काढायचा. मशीनचं काळं तेल असो, पानाची पिचकारी असो, की कुणाच्या हाताचा घाम असो. त्यातही तिची रीत ठरलेली होती. डाग पाण्याने धुवायचा नाही, पसरतो. नेमक्या डागावर कडक औषध टाकायचं, बोळ्याने कडेकडून आत घासायचं आणि फुंकर मारून वाळवायचं. औषधात पाणी घालणाऱ्या नव्या पोरींना ती फाडून खायची. "पाणचट औषधाने डाग हसतो आपल्याला," म्हणायची.

अशा बाईच्या नशिबी भुऱ्या.

भुऱ्या तिच्या नवऱ्याचा. राघो पलसाण्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होता, तेव्हा एका संध्याकाळी तो बसमधून उतरला आणि हे पिल्लू त्याच्या मागेमागे घरापर्यंत आलं आणि राहिलं. पुढे राघोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा त्यांना, बोलणं बंद पडलं तर कायमचं जाईल. रंजनाने काय कमी प्रयत्न केले? पण ती बोलायला बसली की हा भिंतीकडे तोंड फिरवायचा. बायकोसमोर शब्द अडखळतात याची लाज वाटत असेल. कुत्र्याची मात्र काही लाज नव्हती. रंजना स्टोव्हपाशी असली की मागून खाटेवरून त्याच्या अहिराणीत कुत्र्याला बोलावणं ऐकू यायचं, "आठे ये रे, मना भाऊ. जेवना का?" तुटक, लाळ गळत, पण शब्दाला शब्द जोडलेला.

"माझ्याशी हूं नाही की चूं नाही," रंजना पोळपाटावर राग काढायची, "आणि त्या लुतभऱ्याशी गप्पा!"

लुतभऱ्याच झाला होता तो. काखेतली, जांघेतली कातडी काळी पडून जाड झालेली, हत्तीच्या कातडीसारखी. पोटावर चिकट पिवळा थर. कानात तपकिरी लगदा. दिवसभर आपला खाजवतोय, चाटतोय, पाय चावतोय. जिथे बसेल तिथे फरशीवर तेलकट डाग. रंजना तो डाग पुसताना तोंडावर पदर दाबून धरायची.

एक दिवस घरमालकीण जशुबेन दारात आली, नाकाला रुमाल लावून. चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या वेळी अर्धं सुरत गाड्या भरभरून पळालं होतं. तेव्हापासून या बाईला कुठे जरा घाण वास आला की घाम फुटायचा. "रंजनाबेन, कां तो वास जाय, कां तो कूतरो," तिने सांगून टाकलं, दोन्हींपैकी एक गेलंच पाहिजे.

खरं सांगायचं तर रंजना त्याच पावली कुत्र्याला शहराबाहेर कामरेजच्या पलीकडे सोडून आली असती. पण खाटेवर राघो उठून बसायची धडपड करत होता. डाव्या हाताने त्याने भुऱ्याची मान अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. कुत्रं गेलं की या माणसाचं बोलणं गेलं, हे रंजनाला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. म्हणजे ज्याच्याकडे बघवत नाही, त्यालाच बरं करायचं. काय नशीब मेलं!

कारखान्यातल्या मालतीबाईंनी उपाय सांगितला. त्यांच्या भावाच्या ओळखीत कुणी गवती चहाचं तेल काढायचं. "खाजेवर रामबाण आहे बघ. बाटली आणून देते. पण जपून लाव."

जपून म्हणजे काय, हे रंजनाने विचारलं नाही. रोज चहात घालतो ते गवत, ते अंगाला काय करणार? बाटली उघडली तर असा झणझणीत वास, की तिला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. तिने भुऱ्याला मोरीत दाबून धरलं. आंघोळ घातली नाही, पसरेल ना! बोळ्यावर तेल घेतलं, निव्वळ, थेंबभर पाणी नाही की खोबरेल नाही. काळ्या कातडीवर कडेकडून आत घासलं. चिकट थर बोळ्यावर येत होता, बोटांना लागत होता. शी शी शी! तरी घासलं. जिथे कातडी लालबुंद होती तिथे जास्तच घासलं आणि वर फुंकर मारली.

भुऱ्या जे किंचाळला, ते ऐकून गल्लीतली माणसं बाहेर आली. तिच्या हातून निसटून तो खाटेखाली शिरला आणि पोट, जांघा चाटत सुटला. थोड्या वेळाने बाहेर आला तो तोंडाला फेस घेऊन. मागचे पाय लटपटत होते. पोटावरची कातडी भाजल्यासारखी सोलली होती. रंजनाच्या पायापाशी येऊन तो ओकला आणि तिथेच, त्या ओकारीतच, आडवा झाला.

राघोने मान वळवली. थेट बायकोकडे बघितलं.

"तुले लाज शे का?"

झटका आल्यापासून नवरा तिच्याशी पहिल्यांदा बोलला, ते हे.

रंजनाने पोतं पुढे ओढलं, त्यात ओकारीसकट कुत्रं गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. सोललेल्या कातडीचं पाणी तिच्या साडीतून मांडीपर्यंत झिरपत होतं. रिक्षावाला नाक मुरडून मागे बघत होता. "समोर बघ मेल्या!" ती खेकसली.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी पोट, जांघा नुसत्या साबणपाण्याने धुवून काढल्या, सुई टोचली. मग भुऱ्याचा कान उलटा करून खुशाल हुंगला. रंजनाने तोंड फिरवलं.

"खरूज नाही ही, बुरशी आहे. काय लावलंत?"

तिने सगळं सांगितलं, बोळ्याच्या रीतीसकट.

"अहो, ही साडी आहे का? अशा तेलांनी बुरशी मरते म्हणतात, पण निव्वळ लावलं तर आधी कातडी मरते. वर तो चाटतो, ते पोटात जातं. लावायचंच तर थेंबभर, भरपूर पातळ करून, तेही विचारून. सध्या तेलाचं नाव काढू नका. कातडी भरू द्या. मग औषधी साबणाचा फेस करायचा, अंगावर मुरू द्यायचा, धुवायचा. आणि कोरडा करायचा. खडखडीत कोरडा. ओल राहिली की बुरशी परत आली."

कातडी भरली आणि मोरीत तो सोहळा सुरू झाला. रंजना तोंडाला फडकं बांधायची, देवाचं नाव घ्यायची आणि काखेत हात घालायची. सुटलेली खपली नखात अडकली की "शी, बाई गं!" म्हणून अंगभर शहारायची. वास हळूहळू उतरला. जशुबेनही दारात यायची बंद झाली. किळस मात्र रंजनाची तसूभर कमी झाली नाही.

पण खाटेवरून हुकूम सुटू लागले. राघो उशीला टेकून मोरीकडे डोळे लावून बसायचा.

"कानमा पानी नको."

"नाही जात हो पाणी."

"हळू."

"हळूच तर करतेय!"

"मांगला पाय राहिना." मागचा पाय पुसायचा राहिला की हे ठरलेलं.

एकदा तिने फडकं खाली ओढलं आणि विचारलंच, "अन् माझं काय? कंबर मोडली माझी, ते नाही विचारत कधी?"

राघोने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. रंजना टॉवेल हातात धरून थांबली.

"भुऱ्याले पुस आधी," तो म्हणाला.

तेवढंच. त्याच्याकडे तिच्यासाठी कुत्र्यावेगळा शब्दच नव्हता. रंजनाने नाक मुरडलं आणि पुसायला घेतलं. कान पुसले, काखा पुसल्या, बोटांच्या बेचक्या पुसल्या. मागचा डावा पाय तेवढा तिने ओला ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि खाटेकडे पाठ करून, तो काही बोलतोय का याची वाट बघत बसली.