मिलो सुटतो तेव्हा

मिलो कुचेराला तुम्ही आज पाहिलंत, तर हा माणूस कधी काळी पळाला असेल यावर तुमचा विश्वास बसणार नाही. दारातून आत येताना तो जरा तिरका होतो. खुर्चीत बसण्याआधी तिच्याकडे एकदा काळजीने बघून घेतो. गावात विचाराल तर लोक सांगतील, शांत माणूस आहे, बोलता बोलता हरवतो, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या पळण्याचा विषय कोणी काढणार नाही. मी काढते, कारण मी ते पाहिलं आहे आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

माझा नवरा ऑरिन आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या, पुढच्या फळीचा कोच होता. पुढची फळी म्हणजे पाच धिप्पाड मुलं. मधला मुलगा चेंडू मागे देतो, तेवढं सोडलं तर यांच्या हाताला चेंडू लागत नाही. समोरच्यांना ढकलायचं आणि पाठीमागच्या मुलाला वाट करून द्यायची, एवढंच यांचं काम. वाट झाली तर नाव त्याचं, नाही झाली तर यांचं. दर गुरुवारी या पाच जणांना आमच्याकडे जेवण असायचं. मिलोच्या शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात ऑरिन गेला. पानगळीतला पहिला गुरुवार आला, तर पाचही जण टोप्या हातात घेऊन दारात उभे.

"काकू, आज यायचं की नाही?" मिलोने विचारलं.

"पातेलंभर चिली केलीय, ती काय माझा बाप संपवणार? पाय पुसा आणि आत या."

आले. राजमा-खिम्याच्या त्या तिखट चिलीत दालचिनीचे गोड रोल बुडवून खाल्ले आणि सगळी भांडी घासून ठेवली. मिलो भांडी पुसायला असायचा. तो एक ताट पुसेपर्यंत बाकीच्यांचं सगळं आवरून व्हायचं. ताट हातात, फडकं ताटावर, आणि नजर खिडकीबाहेर मक्याच्या शेतात.

"कुठे गेलास रे?" मी विचारायची.

"इथेच आहे, काकू."

"ताट इथे आहे. तुझं मला माहीत नाही."

मग एकदा त्याने सांगितलं. नदीपलीकडे त्याच्या वडिलांचा दुभत्या गाईंचा मोठा गोठा होता. गोठ्यात पळायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. माणूस पळाला की गाय बिथरते आणि बिथरली की पान्हा चोरते. त्यामुळे कुचेरांच्या घरची सगळी माणसं पाण्याखाली असल्यासारखी चालायची, अंगणातसुद्धा. मिलो चालायला शिकला तो तसाच. आणि रोज झोपेत पळायचा. स्वप्नात मक्याच्या दोन ओळींमधून तो पळत असायचा, पायांचा आवाज नाही, पात्यांची सळसळ नाही, नुसता पिवळा उजेड, आणि ओळी संपायच्याच नाहीत. सकाळी उठून पुन्हा हळूहळू गोठ्यात जायचं. हे सगळं त्याने अगदी सहज सांगितलं. मी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

त्याला पळायला मिळालं ते फुटबॉलमध्ये, आणि तेही ऑरिनमुळे. ऑरिनचा सगळा खेळ गॅपचा. प्रत्येकाला समोरचा माणूस ठरवून दिलेला. चौघांनी आपापल्या माणसांना एका अंगाला रेटायचं, की दुसऱ्या अंगाला फट उघडते. मग मधल्या मुलाच्या डाव्या हाताचा मुलगा, म्हणजे डावा गार्ड, आपली जागा सोडतो, बाकीच्यांच्या पाठीमागून धावत येतो, त्या फटीत शिरतो आणि जो पहिला आडवा येईल त्याला बाजूला करतो. चेंडू घेतलेला मुलगा त्याच्या मागोमाग. गार्डने अशी जागा सोडून धावण्याला आमच्याकडे सुटणं म्हणायचे. आमचा डावा गार्ड म्हणजे मिलो.

मिलो सुटला की मला बाकीचा खेळ दिसायचाच नाही. एवढा अगडबंब देह, पण पावलं छोटी छोटी, जमिनीला जेमतेम लागलेली. आणि हेल्मेटच्या जाळीमागे झोपेतलं लहान मूल हसतं तसं हसू. मी ऑरिनला सांगायची, तर तो म्हणायचा, "व्हर्ना, लोक चेंडू बघायला तिकीट काढतात." पण घरी आल्यावर तोच विचारायचा, "आज हसला का गं?"

ऑरिननंतर त्याच्या जागी फेनर आला. तरणा होता, नीटनेटका होता, आणि मला त्याचा राग यायचा, कारण तो ऑरिन नव्हता. पहिले काही सामने आम्ही वाईट हरलो. मिलो सुटायचा, फटीपर्यंत पोचायचा, आणि तिथे समोरचे आधीच गर्दी करून उभे असायचे. असं का होतंय ते फेनरने शोधून काढलं, हे मात्र मला मान्य करावं लागतं. दर डाव सुरू होण्याआधी हे पाच जण एक हात जमिनीवर टेकून वाकतात. सरळ पुढे ढकलायचं असेल, तेव्हा मिलोच्या हातावर सगळा भार असायचा, बोटांची पेरं पांढरी पडायची. आणि सुटायचं असेल तेव्हा तोच हात नुसता गवतावर ठेवलेला. यंदा समोरच्या संघांनी हे हेरलं होतं. त्यांचा एखादा पोरगा तो हात बघून ओरडायचा, "हलका आहे रे, हलका!" आणि सगळे तिकडे धावायचे.

फेनरने त्याला मैदानावर एकट्याला उभं केलं. शंभरदा वाकायला लावलं. "अरे, भार टाक! सुटायचंय हे त्यांना कशाला सांगतोस?"

"टाकतोय, सर."

"कुठे टाकतोयस? मातीत बोटं तरी उमटलीत का बघ!"

मिलो खाली बघायचा, आणि खरंच उमटलेली नसायची. तो मुद्दाम करत नव्हता. पळायचं आहे एवढं कळलं, की भार आपोआप हातातून निघून जायचा. त्याला तोंडाने खोटं बोलता यायचं नाही आणि हातानेही नाही.

शेवटी फेनरने गॅप बंदच केला आणि झोन आणला. झोनमध्ये कुणाला माणूस ठरवून दिलेला नसतो, जागा दिलेली असते. पाचही जणांनी एकदम एका अंगाला पाऊल टाकायचं, खांद्याला खांदा ठेवून. आपल्या जागेत जो शिरेल तो आपला. तो शेजाऱ्याच्या जागेत गेला, की शेजाऱ्याचा. चेंडूवाला, म्हणजे आमचा डेंटन, मागे क्षणभर थांबून बघतो आणि जिथे फट दिसेल तिथे घुसतो. यात कोणी सुटत नाही.

मला वाटलं होतं, मला हा खेळ आवडणार नाही. पण एकदा सकाळी घराच्या मागच्या खिडकीतून पाहिलं, तर धुकं इतकं होतं की कुंपणसुद्धा दिसत नव्हतं, आणि कापलेल्या गवताच्या रानात ही पाच मुलं आपली आपण सराव करत होती. कंबरेपासून खाली धुक्यात बुडालेली. मधला मुलगा हळूच काहीतरी म्हणायचा आणि पाच खांदे एकदम डावीकडे सरकायचे. पुन्हा म्हणायचा, पुन्हा उजवीकडे. कितीतरी वेळ पाऊल वाजल्याचा आवाज नव्हता. ऑरिनने हे बघायला हवं होतं, असं वाटून मला रडू आलं. मग मी चहा टाकला आणि त्यांना हाका मारल्या.

मिलो पायरीवर बसून म्हणाला, "चांगलं आहे, काकू. कोणी एकटं पडत नाही."

"पण?"

"पण कोणी कुठे जातही नाही."

हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. वसंतात पदवी, आणि मग नदीपलीकडचा गोठा, वडिलांचे गुडघे गेलेले, थोरला भाऊ नाही. म्हणजे पुढे जन्मभर चालणंच. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्याला आणखी एकदाच सुटायचं होतं. बाकी काही नको होतं. मला राहवलं नाही. मी फेनरला किराणा दुकानात गाठलं.

"त्या पोराला एकदा सोड," मी म्हटलं.

"व्हर्नाकाकू, ते त्याचा हात वाचतात."

"वाचू देत. हरलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

तो बटाट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मिलोनेही विचारलं होतं. बघतो म्हणालोय मी." बघतो म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. मी बटाटे न घेता परत आले.

शेवटचा सामना नोव्हेंबरात, आमच्याच मैदानावर. मक्याची कापणी उशिरा चालली होती, तिची धूळ हवेत तरंगत होती आणि सूर्य तिच्यात अडकून खाली यायला तयार नव्हता. माणसं, घोंगड्या, पलीकडची पाण्याची टाकी, सगळं मधात घातल्यासारखं दिसत होतं. मी नेहमीप्रमाणे गोलरेषेमागच्या कुंपणाला टेकून उभी होते. आमचं झोन बरं चाललं होतं, पण समोरच्यांचा मधला पोरगा चलाख होता. तो प्रत्येक वेळी मिलोच्या हाताकडे बघून ओरडायचा, "जड! जड!" म्हणजे कोणी सुटत नाही, जागा धरून उभे राहा. आम्ही थोडक्यात मागे होतो. गोलरेषा हाताच्या अंतरावर, चेंडू तिच्यापलीकडे नेला की जिंकलो, आणि डाव शेवटचा. फेनरने खेळ थांबवून मुलांना जवळ बोलावलं.

तिथे काय झालं ते मला नंतर फेनरने स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "मिलो, हा डाव तुझा. गॅप. तू सुट, डेंटन चेंडू घेऊन तुझ्यामागे येईल. अडवलं तर अडवलं."

मिलो धुळीतल्या उजेडाकडे बघत होता. फेनरला वाटलं, हा हरवला. मग मिलो म्हणाला, "नको, सर. मी सुटतो. पण चेंडू दुसरीकडे जाऊ दे."

"अरे, तुलाच हवं होतं ना?"

"ते सगळे माझ्यामागे येतील, सर. डेंटनला अडवायला कोणी नसेल."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की मुलं पुन्हा रांगेत आली, वाकली, आणि मिलोचा हात गवतावर ठेवला होता, चादरीवरची सुरकुतीही मोडणार नाही इतका हलका.  पलीकडून आरोळी आली, "हलका! हलका!" तेवढ्यात मिलो सुटला.

तो त्या पिवळ्या उजेडातून आला, मान खाली, पावलं छोटी. समोरचा मधला पोरगा, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, सगळे त्याच्याबरोबर एका अंगाला ओढले गेले. फटीत त्याने पहिल्याला खांद्याने बाजूला केलं, दुसरा त्याच्या कमरेला लटकला, आणि तो पळतच राहिला. गोलरेषा ओलांडली तरी पळत होता. मला ओरडा ऐकू आला, पण तो दुसऱ्या अंगाकडून. तिकडे वळून पाहिलं तर डेंटन चेंडू घेऊन रिकाम्या कोपऱ्यात उभा, अंगाला कोणी शिवलंही नव्हतं, आणि आमचे सगळे लोक त्याच्याकडे धावत सुटले होते. आम्ही जिंकलो होतो. इकडे माझ्यासमोर मिलो एकटा कुंपणापर्यंत येऊन थांबला.

संध्याकाळी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं, गुरुवार नसताना. डेंटनसुद्धा आला, आणि त्याने आपली गोष्ट इतक्यांदा सांगितली की फेनरने त्याच्या तोंडात पाव कोंबला. मिलो भांडी पुसायला उभा राहिला. एव्हाना फेनरकडून मला सगळं कळलं होतं आणि माझ्या अंगाची लाही झाली होती.

"तुला अक्कल आहे का रे?" मी म्हटलं. "इतके दिवस एकच गोष्ट मागितलीस. ती हातात आली, तर देऊन टाकलीस? त्या डेंटनला? तो हातभर पळाला आणि गावभर मिरवतोय! तू नुसता फसवायला पळालास!"

मिलोने ताट खाली ठेवलं. मी त्याला इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं.

"फसवायला नाही, काकू," तो म्हणाला. "खोटं पळालो असतो तर ते आलेच नसते. मी खरंच पळत होतो."